वनस्पतीचे औषध जिवाणूकडून घडवताना : नागपुरातील प्रयोगशाळेसाठी मार्गदर्शन

सदाफुली नागपुरात अंगणाअंगणांत फुलते, परंतु तिच्या पानांतून १ ग्रॅम व्हिन्क्रिस्टिन हे कर्करोगावरील औषध काढायचे तर सुमारे २,००० किलो वाळलेली पाने लागतात, आणि १ ग्रॅम व्हिन्ब्लास्टिनसाठी ५०० किलोंहून अधिक. हिमालयातील थुनेर वृक्षाची साल टॅक्सॉलसाठी ओरबाडली गेली, तर सह्याद्रीतील नरक्याची झाडे कॅम्प्टोथेसिनसाठी चोरून तोडली गेली. विशेष म्हणजे टॅक्सॉल आणि कॅम्प्टोथेसिन ही दोन्ही कर्करोगविरोधी द्रव्ये मन्रो वॉल यांच्यासोबत ज्यांनी शोधून काढली, ते मनसुख वाणी आपल्या नंदुरबारचे होते. कॅम्प्टोथेसिनची रचना १९६६ साली आणि टॅक्सॉलची १९७१ साली प्रसिद्ध झाली. रुग्णांची गरज ज्या वेगाने वाढते त्या वेगाने झाड वाढत नाही, ही अडचण तेव्हापासून आजतागायत कायम आहे. जिवाणूमध्ये योग्य जनुके घालून तोच रेणू, किंवा त्याच्या अगदी जवळचा रेणू, साखरेपासून घडवून घेणे हा त्यावरचा एक खरा उपाय आहे.

हे मार्गदर्शन जैवतंत्रज्ञान किंवा औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी आणि बुटीबोरी-हिंगणा परिसरात लहान उद्योग उभारू पाहणाऱ्यांसाठी आहे. जनुक प्लाझ्मिडमध्ये (जिवाणूतील डीएनएच्या लहान वर्तुळात) बसवणे, जिवाणूमध्ये ते शिरवणे, पेट्रीपात्रातून एकच वसाहत उचलणे ही कामे वाचकाला येतात असे मी धरून चालतो. ती येत असूनही अनेक प्रकल्प फसतात, याचे मुख्य कारण माझ्या मते एकच आहे : जिवाणूने नेमके कुठपर्यंत काम करायचे आणि कुठे थांबायचे हे आधी ठरवलेले नसते.

जिवाणूचा थांबा कुठे असावा

आजवर जे प्रयत्न नावारूपाला आले त्यांकडे पाहिले तर जवळपास प्रत्येकात सूक्ष्मजीव अर्ध्या वाटेवर थांबलेला दिसतो. हिवतापावरील आर्टेमिसिनिनसाठी जे कीसलिंग यांच्या बर्कली येथील गटाने २००३ साली यीस्टमधील मेव्हॅलोनेट मार्ग (पेशीतील अभिक्रियांची एक साखळी) ई. कोलाय या प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या जिवाणूमध्ये आणून अमॉर्फाडाइन हा पूर्वगामी रेणू घडवला. पुढे ई. कोलायमध्ये त्याचे प्रमाण लिटरमागे २५ ग्रॅमच्या वर गेले, परंतु त्या रेणूला प्राणवायू जोडणारे वनस्पतीचे विकर (एन्झाइम) जिवाणूत नीट चालेना, म्हणून पुढचा टप्पा यीस्टकडे सोपवावा लागला. २०१३ साली यीस्टमधून लिटरमागे २५ ग्रॅम आर्टेमिसिनिक आम्ल मिळाले आणि त्यापासून आर्टेमिसिनिन करण्याची शेवटची पायरी रसायनशास्त्रानेच पूर्ण केली. टॅक्सॉलच्या बाबतीत २०१० साली एमआयटीच्या गटाने ई. कोलायमधून टॅक्साडाइन लिटरमागे १ ग्रॅमपर्यंत नेले. टॅक्साडाइन म्हणजे टॅक्सॉलचा केवळ सांगाडा, त्यावर प्राणवायूचे अनेक गट चढवायचे काम तिथून पुढे सुरू होते. सदाफुलीच्या औषधांसाठी २०२२ साली यीस्टमध्ये तब्बल ५६ जनुकीय बदल करून व्हिन्डोलिन आणि कॅथरँथिन हे दोन अर्धे भाग मिळवण्यात आले, आणि ते जोडण्याचे काम पुन्हा रसायनशास्त्राने केले.

यातून निवडीचा एक उपयुक्त नियम हाती येतो. मार्गातील जी पायरी प्रयोगशाळेतील रसायनाने करणे अवघड असते, विशेषतः जिथे रेणूची डावी-उजवी बाजू अचूक राखावी लागते, ती जिवाणूला द्यावी. आणि जी पायरी एका सरळ अभिक्रियेत होते ती रसायनाकडेच ठेवावी. दुसरी गोष्ट विकरांच्या स्वभावाची आहे. वनस्पतींतील सायटोक्रोम पी-४५० वर्गातील विकरे पेशीतील पटलांना चिकटून काम करतात आणि त्यांना इलेक्ट्रॉन पुरवणारे दुसरे प्रथिन सोबत लागते. ई. कोलायसारख्या जिवाणूमध्ये अशी अंतर्गत पटले नसतात. म्हणून निवडलेल्या मार्गात पी-४५० विकरांची रांगच लागली असेल तर यीस्टचा विचार करावा. मिथाइल गट जोडणारी, अमिनो आम्लांवर काम करणारी किंवा पाण्यात विरघळणारी विकरे असतील तर ई. कोलाय उत्तम, कारण तो वेगाने वाढतो, त्याचे अनुवांशिक गणित पाठ आहे आणि त्याला लागणारे माध्यम स्वस्त आहे. मार्गातील पायऱ्या, त्यांची विकरे आणि त्या विकरांचे गुणधर्म केग, मेटासाइक आणि ब्रेंडा या माहितीसाठ्यांतून गोळा करून एका मोठ्या कागदावर मांडावेत, आणि प्रत्येक पायरीपुढे ती कोण करणार हे लिहावे. हा कागद भरल्याशिवाय एकही जनुक मागवू नये, असा माझा आग्रह आहे.

अफूतील वेदनाशामक द्रव्यांच्या वाटेला मात्र जाऊ नये. तो मार्ग सूक्ष्मजीवांत उभारला गेला आहे हे खरे, पण १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याखाली येणारे हे क्षेत्र आहे आणि नवख्या प्रयोगशाळेला तिथे काहीही मिळवण्यासारखे नाही.

पहिल्या प्रयोगासाठी एल-डोपा

सरावासाठी मी एल-डोपा सुचवतो. कंपवातावरचे हे प्रमुख औषध खाजकुयलीच्या बियांत साधारण चार ते सहा टक्के असते, आणि खाजकुयली विदर्भातील जंगलांत वेलीच्या रूपाने आढळते. या वनस्पतीवर टंचाईची वेळ आलेली नाही आणि कारखान्यांत एल-डोपा करण्याच्या जुन्या, स्थिरावलेल्या पद्धती आहेत, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. तरीही शिकण्यासाठी याच्याइतका चांगला रेणू नाही, कारण टायरोसिन या प्रत्येक पेशीत असणाऱ्या अमिनो आम्लावर एक हायड्रॉक्सिल गट चढवला की एल-डोपा तयार होतो. म्हणजे पायरी एकच आहे, पण त्या एका पायरीत या शास्त्रातील बहुतेक सगळ्या अडचणी भेटतात.

हे काम करणारे विकर खाजकुयलीतून घेण्याची गरजच नसते. ई. कोलायच्या बी आणि डब्ल्यू या वाणांमध्ये एचपीए-बी आणि एचपीए-सी अशी जनुकांची जोडी मुळातच असते. एचपीए-बीचे विकर हायड्रॉक्सिल गट चढवते आणि एचपीए-सीचे विकर त्याला लागणारे क्षपित फ्लेविन (इलेक्ट्रॉन देणारे सहायक द्रव्य) पुरवत राहते. ई. कोलायच्या के-१२ वाणात ही जोडी नसते, त्यामुळे के-१२ मध्ये ती बाहेरून घातली की जो एल-डोपा दिसेल तो आपल्याच जनुकांचा आहे याबद्दल शंका राहत नाही. बीएल-२१ हा बी वाणाचा जिवाणू बहुतेक महाविद्यालयांत उपलब्ध असतो. त्याच्या जनुकसंचातून ही जोडी पीसीआरने उचलता येते. वाण अधिकृत संग्रहातूनच घ्यावा. आपल्याला जवळचा म्हणजे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील एनसीआयएम हा संग्रह.

जोडी टॅक किंवा टीआरसी प्रवर्तकाखाली (जनुक किती जोरात चालेल हे ठरवणाऱ्या डीएनएच्या तुकड्याखाली), मध्यम प्रतिसंख्येच्या प्लाझ्मिडवर बसवावी. उत्साहाच्या भरात सर्वांत जोरदार प्रवर्तक आणि सर्वाधिक प्रतींचे प्लाझ्मिड निवडण्याचा मोह होतो. परिणामी पेशी नको तितके प्रथिन घडवते, ते नीट घडी न पडता गोळा होऊन बसते आणि विकर निकामी ठरते. जनुक चालू करणारे आयपीटीजी हे द्रव्य ०.१ ते ०.५ मिलिमोलर इतकेच द्यावे आणि ते दिल्यावर तापमान ३७ अंशांवरून ३० वर आणावे. पुढे कधी खऱ्याखुऱ्या वनस्पतीचे जनुक वापरायची वेळ आली, तर ते जिवाणूच्या पसंतीच्या कोडॉनमध्ये (जनुकातील तीन अक्षरी शब्दांत) लिहून घ्यावे लागते आणि वनस्पतीपेशीत प्रथिनाला योग्य कप्प्यात पोहोचवणारा त्याच्या सुरुवातीचा तुकडा कापून टाकावा लागतो. तो तसाच ठेवल्यामुळे वाया गेलेली प्लाझ्मिडे अनेक प्रयोगशाळांच्या शीतपेटीत पडून असतात.

टायरोसिन पाण्यात फार थोडे विरघळते, २५ अंशांना लिटरमागे अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. म्हणून ते बाहेरून घालत राहण्यापेक्षा जिवाणूनेच साखरेपासून भरपूर टायरोसिन करावे अशी व्यवस्था उत्तम. निसर्गतः टायरोसिन पुरेसे झाले की पेशी स्वतःच त्याचे उत्पादन थांबवते. हा लगाम तीन ठिकाणी सैल करता येतो : टायर-आर हे नियंत्रक जनुक काढून टाकणे, एरो-जी या विकराचा लगाम न मानणारा प्रकार वापरणे, आणि टायर-ए या विकराचाही तसाच प्रकार वापरणे. तिन्ही बदल एकदम करू नयेत. प्रत्येक बदलानंतर टायरोसिन मोजावे, म्हणजे पुढे काही बिघडले तर ते कोणत्या बदलामुळे बिघडले हे शोधता येते.

पहिली चाचणी साध्या शंकुपात्रात घ्यावी. २५० मिलिलिटरच्या पात्रात ५० मिलिलिटर एम-९ माध्यम (क्षारांचे साधे पोषक द्रावण), ऊर्जेसाठी ग्लुकोज, ३० अंश तापमान आणि चांगले ढवळणे पुरेसे आहे. सोबत दोन तुलनापात्रे हवीतच : एकात रिकामे प्लाझ्मिड असलेला जिवाणू, आणि दुसऱ्यात जिवाणू अजिबात नाही, फक्त मोजून घातलेला एल-डोपा. दुसरे पात्र अनेकजण वगळतात. परंतु एल-डोपा हवेतील प्राणवायूने काळा पडतो आणि एका दिवसात आपोआप किती नष्ट होतो हे कळल्याशिवाय जिवाणूने किती केला याचा निष्कर्ष खोटा ठरतो. माध्यमात थोडे ॲस्कॉर्बिक आम्ल घातल्यास काळवंडणे पुष्कळ कमी होते. ते ऑटोक्लेव्हमध्ये टिकत नाही, म्हणून ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून गाळून शेवटी घालावे.

मोजमाप

शंभर वसाहतींतून सर्वोत्तम एक निवडायची असेल तर प्रत्येकीसाठी एचपीएलसी (मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणारे यंत्र) चालवणे वेळेला आणि खिशाला परवडत नाही. एल-डोपासाठी १९३७ सालची अर्नोची चाचणी आजही उपयोगी आहे : नमुन्यात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, मग नायट्राइट-मॉलिब्डेट द्रावण आणि शेवटी सोडियम हायड्रॉक्साइड घातले की पिवळा रंग लाल होतो, आणि ५०० ते ५२० नॅनोमीटरवर तो मोजता येतो. टायरोसिनने हा रंग येत नाही. कॅटेकॉल वर्गातील इतर द्रव्यांनी मात्र येतो, त्यामुळे निवडलेल्या थोड्या वसाहती एचपीएलसीवर २८० नॅनोमीटरला तपासून खात्री करावी.

प्रत्येक औषधी रेणूसाठी अशी रंगचाचणी नसते, आणि इथेच गेल्या काही वर्षांतील सर्वांत महत्त्वाची प्रगती झाली आहे. रेणू ओळखणारे एखादे जिवाणू-प्रथिन घेऊन, त्यात बदल करत करत ते हव्या त्या अल्कलॉइडलाच (वनस्पतींतील नत्रयुक्त द्रव्यालाच) प्रतिसाद देईल असे घडवायचे आणि त्याच्यामागे चमकणाऱ्या प्रथिनाचे जनुक जोडायचे. मग ज्या पेशीत औषधाचा रेणू जास्त, ती पेशी जास्त चमकते. साल्मोनेला जिवाणूतील रॅम-आर या प्रथिनापासून असे संवेदक घडवले गेले आहेत. अल्झायमरवरील गॅलँटामिन आजही डॅफोडिलच्या कंदांतून काढले जाते. त्याच्या मार्गातील ४-ओ-मिथाइलनॉरबेलाडिन या कळीच्या रेणूसाठी टेक्सासमधील संशोधकांनी २०२४ साली असाच संवेदक आणि संगणकाने सुचवलेले विकरातील बदल एकत्र वापरून ई. कोलायमधील उत्पादन ६० टक्क्यांनी वाढवले आणि नको असलेला जुळा रेणू तीनपट कमी केला. ज्याला एल-डोपानंतर पुढचे पाऊल टाकायचे आहे त्याने ही पद्धत मुळापासून समजून घ्यावी, कारण चांगला जिवाणू घडवणे हे शेवटी हजारोंतून एक निवडण्याचे काम आहे आणि निवड मोजमापाइतकीच चांगली असते.

परवानग्या

के-१२ हा निरुपद्रवी वाण सर्वांत खालच्या जोखीम गटात मोडतो, तरीही १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ चे नियम जनुकीय बदल केलेल्या प्रत्येक सूक्ष्मजीवाला लागू आहेत. संस्थेची जैवसुरक्षा समिती असणे आणि तिच्यासमोर प्रयोग नोंदवणे ही पहिली पायरी आहे. २० लिटरच्या वर गेल्यास काम मोठ्या प्रमाणावरचे समजले जाते आणि मंजुरीची वाट केंद्राच्या समित्यांकडे जाते. म्हणून फर्मेंटर (जिवाणू वाढवण्याची टाकी) विकत घेण्यापूर्वी हा आकडा लक्षात ठेवावा. स्थानिक वनस्पतीचे जनुक किंवा अर्क व्यवसायासाठी वापरायचा असेल तर २००२ चा जैवविविधता कायदा लागू होतो, आणि महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाचे मुख्यालय नागपुरातच असल्याने समक्ष जाऊन विचारणे आपल्याला सोपे आहे. नवउद्योगाच्या पहिल्या प्रयोगांसाठी केंद्र सरकारच्या बायरॅक या जैवतंत्रज्ञान संस्थेचे बिग अनुदान १८ महिन्यांसाठी ५० लाख रुपयांपर्यंत मिळू शकते. प्रयोगशाळेत तयार झालेली पूड कितीही शुद्ध दिसली तरी ती औषध नव्हे. अन्न व औषध प्रशासनाचा परवाना आणि अनुसूची एमनुसार (औषधनिर्मितीच्या योग्य पद्धतींच्या नियमांनुसार) उभा केलेला कारखाना यांशिवाय तिचा एक कणही कोणा रुग्णाच्या पोटात जाता कामा नये.

फर्मेंटर आणि नागपूरचा उन्हाळा

शंकुपात्रातून फर्मेंटरकडे जाताना तीन गोष्टींत तोल साधावा लागतो. ग्लुकोज एकदम दिले तर ई. कोलाय ॲसिटेट सोडतो आणि स्वतःच्याच आम्लात खुंटतो, म्हणून ते थेंबाथेंबाने, पेशींची भूक जेमतेम भागेल इतकेच द्यावे. प्राणवायूची गोष्ट अधिक नाजूक आहे : हायड्रॉक्सिल गट चढवायला प्राणवायू हवा, पण तोच तयार झालेल्या एल-डोपाला काळे करतो. विरघळलेला प्राणवायू संपृक्ततेच्या २० ते ३० टक्क्यांवर धरावा, वाढीच्या काळात सामू (पीएच) ७ च्या जवळ आणि उत्पादनाच्या काळात ६.५ च्या आसपास ठेवावा, कारण अल्कधर्मी द्रवात काळवंडणे वेगाने होते. तिसरी गोष्ट म्हणजे प्लाझ्मिड टिकवणे. प्रतिजैविकाचा दाब काढताच पेशी ते टाकून देतात आणि मोठ्या टाकीत प्रतिजैविक ओतणे खर्चिकही आहे व सांडपाण्याच्या दृष्टीने घातकही. प्रयोग स्थिरावला की जनुके जिवाणूच्या मूळ गुणसूत्रातच बसवावीत.

उष्णतेचा प्रश्न नागपुरात विशेष गंभीर आहे. जिवाणू वापरतात त्या प्रत्येक मोल प्राणवायूमागे सुमारे ४६० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. १०० लिटर द्रवात तासाला लिटरमागे १०० मिलिमोल प्राणवायू खर्च होत असेल तर टाकी सतत जवळपास १.३ किलोवॉट उष्णता निर्माण करत असते. मे महिन्यात बाहेर पारा ४५ अंशांच्या वर असताना गच्चीवरच्या टाकीतील पाणी फर्मेंटरला ३० अंशांवर आणू शकत नाही, चिलर लागतोच. चिलर, ढवळणी आणि हवेचा पंप यांची वीज आपल्याकडे मुख्यतः कोराडी-खापरखेड्यासारख्या कोळशावरच्या केंद्रांतून येते, आणि ती हिशेबात धरल्याशिवाय आपले औषध पर्यावरणाला सोयीचे आहे असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. उत्पादनाच्या मोठ्या खेपा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घेणे, छतावर सौरपटले बसवणे आणि वीज गेल्यास किमान हवा व ढवळणे चालू राहील इतका जनरेटर ठेवणे, ही तीन कामे मी सक्तीची मानतो.

काढणीच्या वेळी पेशी वेगळ्या करून द्रव लगेच आम्लधर्मी करावा, कारण आम्लात एल-डोपा टिकतो. मग गाळून, आटवून, सामू हळूहळू वर नेला की स्फटिक खाली बसतात. पुढे इतर अल्कलॉइडसाठी द्रावक लागलेच तर क्लोरोफॉर्म टाळून एथिल ॲसिटेट वापरता येते का ते आधी पाहावे. उरलेल्या पेशी आणि द्रव १२१ अंशांवर निर्जंतुक केल्याशिवाय नाल्यात जाता कामा नयेत. त्यानंतरही त्यात साखर आणि क्षार भरपूर उरतात, त्यामुळे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि स्वतःची शुद्धीकरण व्यवस्था आवश्यक आहे. ज्या शहरात नीरीसारखी सांडपाण्याच्या शास्त्रात मुरलेली संस्था आहे, तिथे या कामात हयगय होण्याचे कारण नाही.

हिशेब आणि पुढचा रेणू

२० लिटरच्या फर्मेंटरमध्ये १४ लिटर द्रव, लिटरमागे ५ ग्रॅम एल-डोपा आणि काढणीत ७० टक्के हाती लागते असे धरले, तर एका खेपेत ४९ ग्रॅम मिळतात. दिवसाला ५०० मिलिग्रॅमप्रमाणे ही एका रुग्णाची जेमतेम तीन महिन्यांची मात्रा झाली. खाजकुयलीच्या सुमारे १ किलो बियांतही तेवढाच एल-डोपा असतो. याउलट व्हिन्क्रिस्टिनची एका वेळची मात्रा प्रौढांत सहसा २ मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत. त्याचे ४९ ग्रॅम म्हणजे २४,००० हून अधिक मात्रा, आणि पानांतून ते काढायचे तर जवळपास १०० टन वाळलेली सदाफुली.

म्हणून सरावानंतरचा खरा रेणू निवडताना मात्रा मिलिग्रॅममध्ये आहे का, वनस्पतीत प्रमाण अत्यल्प आहे का, आणि झाड हळू वाढणारे किंवा संकटात आहे का, हे तीन प्रश्न विचारावेत. चौथा प्रश्न माणसांचा आहे. आर्टेमिसिनिनच्या वेळी सूक्ष्मजीवाने केलेले उत्पादन बाजारात आले तेव्हा शेतातील मालाचे भाव पडलेले होते, त्यामुळे कारखाना स्पर्धेत टिकू शकला नाही. आणि तो टिकला असता तर ती वनस्पती पिकवणाऱ्या शेतकऱ्यांपुढे प्रश्न उभा राहिला असता. गडचिरोली किंवा मेळघाटातील कुटुंबे ज्या वनौषधी गोळा करून जगतात आणि जंगल राखूनही जगतात, त्या वनौषधींचा रेणू फर्मेंटरमध्ये आणण्यात मला हित दिसत नाही. नरक्या, थुनेर, सदाफुलीतील विरळ अल्कलॉइड आणि डॅफोडिलमधील गॅलँटामिन या दिशेला मात्र काम करण्यासारखे खूप आहे, आणि त्यांतही गॅलँटामिनचा मार्ग ई. कोलायसाठी सर्वांत जवळचा आहे, कारण त्याची सुरुवात फेनिलॲलनिन आणि टायरोसिनपासूनच होते. एल-डोपासाठी तयार केलेला भरपूर टायरोसिन देणारा वाण तिथे जसाच्या तसा कामी येईल. म्हणून तो ग्लिसरॉलमध्ये, उणे ८० अंशांवर, केलेल्या प्रत्येक बदलाच्या नोंदीसह दोन वेगवेगळ्या शीतपेट्यांत जपून ठेवावा.